पहिल्या बाळंतपणाचे शेवटचे आठवडे: तारीख कोणती धरायची, लक्ष कशावर ठेवायचं आणि घरून कधी निघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलं बाळंतपण. सासर यवतमाळचं, माहेर नागपुरात बेसा भागात, आणि नाव घातलंय धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात. कागदांवर तीन तारखा आहेत: पाळीवरून १९ मे, आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत २६ मे, आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ८ मे. पाळी ३५ दिवसांनी यायची. आज ५ मे. रात्री पोट कडक होतं आणि सुटतं. आई म्हणते रोज तूप घे, तारीख उलटली तर एरंडेल. सासूबाई म्हणतात, शेवटी शेवटी बाळ शांत होतंच. मग लक्ष नेमकं कशावर ठेवायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं?

उत्तर:

तुमची तारीख २६ मे. बाकीच्या दोन खोडून टाका आणि फाइलच्या पहिल्या पानावर ही एकच मोठ्या अक्षरात लिहा.

पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे, हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा आहे. तुमची ३५ दिवसांनी यायची, म्हणजे बीज आठवडाभर उशिरा सुटलं आणि तारीखही तेवढीच पुढे सरकली. आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी तेच सांगते आहे. त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच मापाची असतात, म्हणून त्या लांबीवरून काढलेली तारीख पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त चुकत नाही. आठव्या महिन्यात तसं नसतं. कुणाचं बाळ बारीक, कुणाचं अंगाने भरलेलं. मशीन डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं आणि त्या मापाचं सरासरी वय छापून देतं. त्यात तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. ८ मे या तारखेचा अर्थ एवढाच की बाळ अंगाने बरं आहे.

हा नुसता कागदी घोळ नाही. समजा दवाखान्यात त्या रात्री ड्यूटीवर दुसरेच डॉक्टर आहेत आणि त्यांनी सर्वात वरचा, म्हणजे ताजा रिपोर्ट उचलला. १५ मे रोजी त्यांच्या लेखी तुमचे ४१ आठवडे भरलेले असतील आणि ते कळा आणायच्या औषधाचं बोलतील. प्रत्यक्षात त्या दिवशी तुम्हाला ३८ आठवडे आणि ३ दिवस झालेले असतील. गर्भपिशवीचं तोंड अजून कडक आणि बंद, त्यावर औषधं, मग दीड दिवस कळा, मग 'प्रोग्रेस नाही' म्हणून सिझर. पहिलटकरणीच्या बाबतीत ही साखळी अशीच सुरू होते.

कॅलेंडरवर तीन खुणा करा. १९ मे रोजी ३९ आठवडे पूर्ण. २६ मे रोजी ४०. २ जून रोजी ४१. काहीही गुंतागुंत नसेल तर ३९ च्या आधी कळा आणायचं कारण नसतं, कारण शेवटच्या दोन आठवड्यांत फुप्फुसं, मेंदू आणि दूध ओढायची ताकद पक्की होत असते. ४१ नंतर मात्र थांबण्यातली जोखीम हळूहळू वाढते, वार (बाळाला रक्त पुरवणारी, प्लासेंटा) थकते, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. त्या सुमाराला डॉक्टर दाखल व्हा म्हणतील तर ते ऐका. नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या बाया शंभरात चार-पाचच, तेव्हा २६ तारखेला सकाळपासून यवतमाळचे फोन सुरू झाले तरी घाबरू नका. (२५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. तुमची तारीख त्यातच येते आहे. उन्हाकडे पुढे येतो.)

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या तीन आठवड्यांत रोज स्वतः तपासायचं एकच मोजमाप आहे, ते म्हणजे बाळाची हालचाल. आणि इथे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं चुकतं. जागा कमी पडते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते. लाथ जाऊन ढुशी येते, कोपर सरकल्यासारखं वाटतं, पोट एका बाजूने फुगतं. पण दिवसभरातली संख्या कमी होत नाही, अगदी कळा सुरू होईपर्यंत नाही. 'बाळ शांत झालं, आता सुटका जवळ आली' या समजुतीपायी बाया एक-दोन दिवस घरी थांबतात, आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. वारेतून रक्तपुरवठा कमी पडायला लागला की बाळ आधी हालचाल कमी करतं, ताकद वाचवतं. हृदयाचे ठोके बिघडतात ते त्यानंतर.

मोजायचं असं. रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर आडवं व्हा, मोबाइल बाजूला ठेवा, घड्याळ बघा. प्रत्येक ढुशी, वळसा, सरकणं एक धरा. उचकी धरू नका. उचकी म्हणजे एका तालात, दोन-तीन सेकंदांनी येणारा बारीक ठोका. दहा झाले की वेळ लिहा: '९.१० ते ९.३५'. बहुतेकींचे दहा अर्ध्या-पाऊण तासात होतात. चार-पाच दिवस लिहिलं की तुमच्या बाळाची चाल कळते, आणि तीच खरी मोजपट्टी. बाळ २० ते ४० मिनिटं झोपतं, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात काही नाही म्हणून हादरू नका. पण दोन तासांत दहा झाले नाहीत, किंवा रोज पंचवीस मिनिटांत होणारे दहा आज दीड तास घेत आहेत, तर त्याच वेळी दवाखाना. रात्रीचे दोन वाजले असले तरी. गार सरबत पिऊन, गोड खाऊन, पोट हलवून 'बघू' करण्यात तास घालवू नका. ऑनलाइन मिळणारं ठोके ऐकायचं छोटं यंत्र तर घरात आणूच नका. त्यात आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा म्हणून ऐकू येतो आणि खोटा धीर मिळतो.

दवाखान्यात पोटाला दोन पट्टे बांधून साधारण २० मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके, आणि मधूनमधून १५ ने उसळी, असं दिसलं की घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा जा. 'कालच तर येऊन गेलात' असं कुणी म्हटलं तरी जा.

रात्री पोट कडक होतं म्हणता, त्या बहुधा सरावाच्या कळा आहेत. खोट्या म्हणतात, पण दुखतं तर खरंच. ओळखायची खूण अशी की त्यांना ताल नसतो. १.१० ला आली, १.२२, १.३१, मग थेट १.५०, मग झोप लागली. दुखणं पुढून, ओटीपोटात. पाणी प्यालं, लघवी केली, कूस बदलली की विरतात. खऱ्या कळा पाठीत, कमरेत सुरू होऊन पुढे येतात, मधलं अंतर कमी होत जातं, प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा लांब आणि जोराची होते, आणि चाललं तर वाढतात. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजा. बऱ्याच जणी कळ संपल्यापासून मोजतात आणि दवाखान्यात फोनवर चुकीचा आकडा सांगतात.

नागपूरच्या मे महिन्यात खोट्या कळांचं एक साधं कारण असतं, पाणी कमी पडणं. पारा ४४-४५ ला गेला की अंगातलं पाणी घामात जातं आणि पिशवी चिडचिडी होते. दिवसाला तीन लिटर द्रव पोटात जायला हवं. त्यात ताक, नारळपाणी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, कैरीचं पन्हं सगळं धरा (मधुमेह निघाला असेल तर गुळाचं पन्हं आणि उसाचा रस सोडून). लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला पाहिजे. गडद झाली की पाणी कमी पडतंय. जळजळ किंवा सारखी लागत असेल तर लघवी तपासा. उन्हाळ्यात लघवीचा संसर्ग वारंवार होतो आणि त्यानेही कळा येतात. फिरायचं असेल तर सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. तपासणीची वेळही सकाळचीच मागा. दुपारी दोनला ऑटोत बसून धंतोलीला जाण्याची गरज नसते.

कुलर लावा, खुशाल लावा, फक्त टाकी दर आठवड्याला पूर्ण उपसून, घासून, कोरडी करून भरा. वरून बादली ओतत राहिलं की डेंग्यूच्या डासांची अंडी तिथेच. बाळंतपणाच्या तोंडावर डेंग्यू होणं म्हणजे प्लेटलेट उतरलेल्या असताना रक्तस्राव.

आता निघायचं कधी.

कळा पाच मिनिटांनी, प्रत्येक किमान एक मिनिटाची, आणि हे तासभर टिकलेलं. पहिल्या बाळंतपणाला हा नियम पुरतो. बेस्याहून मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक करत धंतोली रात्री वीस-पंचवीस मिनिटांचं काम. संध्याकाळी सहा ते नऊ त्याच रस्त्याला दुप्पट धरा. एकदा संध्याकाळी गाडीने जाऊन बघा, रात्री दवाखान्याचं कोणतं दार उघडं असतं तेही बघून या. रात्रीचं दार बहुतेक ठिकाणी वेगळं असतं.

त्याआधी घरीच थांबण्याला कारण आहे. पिशवीचं तोंड पहिल्या चार-पाच सेंटिमीटरपर्यंत उघडायला पहिलटकरणीला बारा, पंधरा, कधी वीस तास लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांचा जोरदार टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात, आणि 'तासाला एक सेंटिमीटर' हा जुना हिशोब प्रत्येकीला लावायचा नाही असंही तिथेच म्हटलंय. दोन सेंटिमीटरवर दाखल झालात की घड्याळ दवाखान्याचं चालू होतं. दर चार तासांनी तपासणी, सलाइन, 'अजून तेवढंच' हे वाक्य, बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे चेहरे. घरी असाल तर कोमट पाण्याने आंघोळ होते, मऊ वरणभात किंवा पेज पोटात जाते, दोन कळांमध्ये डुलकी लागते, आणि आई पाठीला तेल लावून देते. कमरेच्या खालच्या हाडावर तळहाताचा दाब कळ येताच द्यायचा आणि कळ उतरेपर्यंत सोडायचा नाही. मधेच चोळत बसलं तर त्याचा उपयोग होत नाही.

मात्र काही गोष्टींना कळांची वाट बघायची नाही.

पाणी जाणं ही त्यातली पहिली. कधी भळकन जातं, कधी नुसतं थेंब थेंब, आणि लघवी की पाणी असा गोंधळ होतो. कोरडं पॅड लावा, अर्धा तास आडवं राहा आणि उभं राहा. उभं राहताच पुन्हा ओलं झालं आणि वास लघवीचा नाही, तर ते पाणीच. वेळ लिहा, रंग बघा. स्वच्छ किंवा फिकट गुलाबी असेल तर सामान घेऊन निघा, धावपळ नको. हिरवं किंवा काळपट असेल तर बाळाने आत शी केली आहे, लगेच निघा. पॅड बरोबर घेऊन जा, टाकून देऊ नका. घरात कुणी तपासायचं नाही, काही आत घालायचं नाही. फार क्वचित पाण्याबरोबर नाळेचा वेढा बाहेर येतो. तसं वाटलं तर आत ढकलू नका, गुडघे आणि छाती जमिनीला लावून कंबर वर ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडीतही त्याच स्थितीत.

मळ जाणं, म्हणजे रक्ताचा तार असलेला चिकट शेंबडासारखा स्राव, हे निघायचं कारण नाही. त्यानंतर कळा चार तासांत येतील किंवा चार दिवसांत. पण पाळीसारखं लाल रक्त गेलं, दुखो वा न दुखो, तर ताबडतोब. पोट लाकडासारखं कडक होऊन सैलच होत नसेल तरी ताबडतोब.

रक्तदाबाचं जरा सविस्तर, कारण तो शेवटच्या आठवड्यांतच डोकं वर काढतो आणि सुरुवातीला काही दुखत नाही. पायाला संध्याकाळी सूज येणं नेहमीचं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, अंगठी निघत नाही, आठवड्यात दीड-दोन किलो वजन वाढलं, तर दाब बघा. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर, बोलायचं नाही. १४०/९० किंवा वर आला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्यांदाही तोच, तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० म्हणजे त्याच तासाला. आणि यंत्र नसलं तरी, गोळीने न उतरणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, किंवा छातीखाली उजव्या बाजूला सतत दुखणं याला 'पित्त झालं असेल' म्हणू नका. उन्हाळ्यात या तिन्ही गोष्टी उन्हावर ढकलल्या जातात. तळहात-तळपायांना पुरळ नसताना रात्री असह्य खाज सुटत असेल तर तेही सांगा, यकृताची तपासणी लागते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून न्या, कारण टेबलावरून उतरेपर्यंत सगळं विसरायला होतं. बाळाचं डोकं खाली आहे का. नसेल तर ३७ आठवड्यांच्या सुमाराला बाहेरून हाताने फिरवून बघता येतं, तुमच्याकडे ते करतात का. वार खाली आहे का. बाळाला अतिदक्षता लागली तर त्याच इमारतीत सोय आहे की दुसरीकडे न्यावं लागेल. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात; दुखणं कमी करायचं पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तर हेच उत्तर कामाचं. कळांमध्ये सोबत एक बाईमाणूस किंवा नवरा आत राहू देतात का.

रिपोर्टमधली तीन वाक्यं बायांना विनाकारण रडवतात. 'गळ्यात नाळेचा वेढा': चार-पाच बाळांत एकाला असतो, नाळ लांब आणि सैल असते, बाहेर येताना सोडवून घेतात. त्यासाठी सिझर लागत नाही. 'वजन ३.६ किलो': सोनोग्राफीचं वजन दहा-पंधरा टक्के चुकतं, म्हणजे खरं ३.१ ही असू शकतं. 'पाणी ८', म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याचं माप: ते कमी नाही. ५ च्या खाली गेलं, किंवा सगळ्यात मोठा कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर विचार करायचा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो आकडा दोन दिवस नीट पाणी पिऊन वाढलेलाही दिसतो.

हिमोग्लोबिन ताजं हवं, तिसऱ्या महिन्यातलं नको. ११ च्या खाली म्हणजे कमी. तुमच्याकडे आता तीन आठवडे आहेत. १० च्या आत असेल तर नुसत्या गोळ्यांनी तेवढ्यात भरून निघत नाही, शिरेतून लोह देता येतं, ते आताच विचारा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीला जोडून घेतली तर निम्मी वाया जाते. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर बाळाचा गट बघून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. दोन रक्तदात्यांचे नंबर फाइलवर लिहून ठेवा.

विदर्भात आणखी एक तपासणी राहून जायला नको, ती सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची. फाइलमध्ये 'सोल्युबिलिटी' किंवा 'इलेक्ट्रोफोरेसिस' असा शब्द शोधा. नसेल तर याच आठवड्यात करा. एएस म्हणजे वाहक. बाळंतपण इतरांसारखंच, फक्त लघवीच्या संसर्गाकडे जरा जास्त लक्ष. पण मग नवऱ्याचीही तपासणी हवी. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक बाळाला आजार येण्याची शक्यता चारात एक, आणि जन्मल्यावर बाळाची तपासणी ठरवून करायची. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. तसं निघालं तर छोट्या दवाखान्यात बाळंतपण करू नये. रक्तपेढी आणि चोवीस तास तज्ज्ञ असलेली जागा लागते, आणि नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय ('मेडिकल'), मेयो रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स त्यासाठी आहेत.

तसंही सरकारी पर्याय माहीत असू द्या. गांधीबागेकडचं डागा रुग्णालय खास बायांसाठीच आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तिथलं जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत असते. आयत्या वेळी खाजगीतून तिकडे पाठवलं तर तुमच्याकडे सगळे मूळ कागद असले पाहिजेत. झेरॉक्स दवाखान्याला द्या, मूळ फाइल स्वतःजवळ. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपयेही आहेत. आशाताई किंवा अंगणवाडीतून अर्ज झाला का, खातं आधारला जोडलंय का, ते नवऱ्याला बघायला सांगा. सासरच्या पत्त्यावर नोंद आणि माहेरी बाळंतपण असं असलं तरी चालतं, फक्त माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर हवं.

तूप आणि एरंडेल. तुपाने वाट गुळगुळीत होत नाही, ते पोटात जाऊन पचतं आणि अंगाला लागतं. वरणभातावर चमचाभर घ्या, वाटीभर पिऊ नका. एरंडेल मात्र नको. त्याने आतडी ढवळतात, जुलाब लागतात, आणि त्या धक्क्याने कधी पिशवीही आवळते. ४४ अंशात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं, चक्कर, थकवा, आणि खऱ्या कळा येतील तेव्हा अंगात जोर नाही. आईला दुखावायचं नसेल तर तिला या कामात सोबत घ्या: ३५ आठवड्यांनंतर आठवड्यातून दोनदा, स्वच्छ धुतलेल्या हातांनी, शुद्ध खोबरेल तेलाने योनीमार्गाच्या खालच्या बाजूला पाच मिनिटं हलका ताण देत मालिश. पहिलटकरणीला त्याने टाके कमी पडतात. हे तुम्ही स्वतः करायचं आहे, आईने वाटी गरम करून आणून द्यायची. पाणी गेलं असेल किंवा वार खाली असेल तर नाही.

दवाखान्यात न्यायची सामानाची पिशवी. ती भरलेली दाराजवळ असू द्या, माळ्यावर नको. फाइल, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत. तुमच्यासाठी पुढून उघडणारे तीन सुती गाऊन, मोठ्या आकाराचे पॅड, गडद रंगाची आतली वस्त्रं, चप्पल, चार्जर, थर्मास. बाळासाठी जुन्या धुतलेल्या सुती साडीचे दुपटे आठ-दहा, झबली, लंगोट, टोपडं. नवीन कापड दोनदा धुवून, उन्हात वाळवून. लोकरीचं काही मे महिन्यात घेऊ नका, कुणी बाळंतविड्यात दिलं तर कपाटात ठेवा.

बाळ झाल्यावरचा पहिला तास आधी ठरवून ठेवा, कारण तेव्हा निर्णय बाहेर बसलेले घेतात. बाळ लगेच तुमच्या छातीवर. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायला सांगता येते. तासाभरात अंगावर पाजायचं, सिझर असलं तरी. चिक चमचाभरच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच असतं. मध, गूळपाणी, घुटी काही नाही. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आंघोळ चोवीस तासांनंतर. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा थेंब आणि हिपॅटायटिस बी यांची नोंद कार्डावर करून घेतल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. हिपॅटायटिसची लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते.

घरी आल्यावर शेक-शेगडीचा प्रश्न येणारच. हिवाळ्यात चालतं म्हणून नवतप्यात बंद खोलीत निखारे ठेवणं धोक्याचं आहे, धुराने आणि उष्णतेनेही. नवजात बाळ तापलं तर घाम गाळून स्वतःला गार करू शकत नाही, ते सुस्त होतं, दूध ओढत नाही, लघवी कमी करतं. खोली २६ ते २८ अंशांवर ठेवा. कुलर चालेल, झोत बाळावर नको, खिडकी अर्धी उघडी. पाचव्या दिवसापासून दिवसात सहा ओले लंगोट झाले पाहिजेत. आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं ही रीत या महिन्यात तरी मोडा. पाजताना दर वेळी भांडंभर पाणी जवळ हवं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, बाळ जिथे जन्मलं तिथे, म्हणजे नागपूर महानगरपालिकेत, यवतमाळला नाही. दवाखाना माहिती पाठवतो, पण आई-वडिलांच्या नावाची अक्षरं आधारवर आहेत तशीच लिहिलीत ना, हे फॉर्मवर सही करण्यापूर्वी वाचून घ्या. बाळाचं नाव तोवर ठरलं नसेल तर ती जागा मोकळी सोडता येते, वर्षभरात विनाशुल्क भरून मिळते.